अठरा नंबर

सीमेवरच्या अधिकाऱ्याने पासपोर्टांचा गठ्ठा दोनदा मोजला. मग तो बसमध्ये चढला आणि एकेका प्रवाशावर बोट रोखत शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन आला. उतरताना त्याने हेमांगीला काहीतरी सांगितलं. हेमांगी आमची टूर लीडर. तिचा चेहरा एकदम उतरला.

“प्रवाशांचे पासपोर्ट चोवीस आहेत,” ती दाराच्या पायरीवरून म्हणाली, “आणि माणसं तेवीस.”

“एखादा पासपोर्ट बाळंत झाला असेल,” नाशिकचे दातार म्हणाले.

दोघंतिघं हसले. मी हसलो नाही. बारा पंचवीस झाले होते. पलीकडे मॅसेडोनियात, ओह्रिडला, एक वाजताचं जेवण सांगून ठेवलेलं होतं आणि आमची बस अजून अल्बेनियाच्या हद्दीतच उभी होती. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून मी घड्याळ बघत होतो.

हेमांगी एकेक रांग बघत मागे गेली. शेवटच्या रांगेशी थांबली आणि वळून सरळ माझ्यापाशी आली.

“काका,” ती हळू आवाजात म्हणाली, “काकू कुठे आहेत?”

मी मागे वळून पाहिलं. शेवटच्या रांगेत खिडकीपाशी कुमुदची उन्हाची टोपी होती. कुमुद नव्हती.

याला आता नऊ वर्षं झाली. मी एसटीतून आगार व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो होतो. कुमुद माझ्या दोन वर्षं आधी, पाटबंधारे खात्यातून. तिथे ती ट्रेसर होती. इंजिनिअर लोकांनी काढलेले कालव्यांचे आणि धरणांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईने उतरवून काढायचे, हे तिचं बत्तीस वर्षांचं काम. युरोपला जायचं ठरलं तेव्हा मी पॅरिस आणि स्वित्झर्लंड धरून चाललो होतो. कुमुदने भलतंच माहितीपत्रक काढलं. अल्बेनिया, मॅसेडोनिया, माँटेनेग्रो. त्याच्या तिसऱ्या पानावर काड्यापेटीएवढा एक फोटो होता. रंगीत दगडांच्या तुकड्यांनी मढवलेली जुनी जमीन आणि तिच्यावर मासे, बदकं, वेली.

“मला हे बघायचंय,” ती त्यावर बोट ठेवून म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने असं बोट ठेवून काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी हो म्हणालो.

पण त्या सहलीत पहिल्या दिवसापासून माझं डोकं फिरलेलं होतं. आठची बस साडेआठला निघायची. ड्रायव्हर कॉफीला उतरला की अर्धा तास गेलाच. त्या देशात कॉफी पिणं हे चहा मारून येण्याइतकं सोपं काम नाही, माणसं त्यासाठी बैठक मारतात. दर मैलाला गाड्या धुण्याचं दुकान, शेतात जागोजाग काँक्रीटचे घुमट, जुन्या राजवटीने युद्धाच्या भीतीने बांधलेले, आणि वेळापत्रक नावाची वस्तू कुठेच नाही. मी रोज डायरीत लिहीत होतो. निघण्याची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशीर. पाच दिवसांत तीन तास दहा मिनिटं.

“काका, सुट्टीवर आहात,” हेमांगी म्हणायची. “जरा सैल सोडा.”

“सुट्टीवर मी आहे, हेमांगीताई. तुम्ही ड्यूटीवर आहात.”

ती चाळिशीची होती, मूळची चिपळूणकडची, आवाज खणखणीत. तिची एकच पद्धत मला मनापासून पसंत होती. तिने प्रत्येकाला एक नंबर दिला होता. बस सुटण्याआधी ती दारात उभी राहून “बोला!” म्हणायची आणि एकापासून चोवीसपर्यंत ज्याने त्याने आपला नंबर मोठ्याने सांगायचा. माझा सतरा, कुमुदचा अठरा. चोवीस आले की मग ती एकदा मागेपर्यंत चक्कर मारून यायची आणि ड्रायव्हरला खूण करायची. आमच्या आगारात मी कंडक्टर लोकांना हेच सांगत आलो होतो. मोजल्याशिवाय घंटी नाही.

तिरानात पहिल्याच सकाळी ही मोजणी अडखळली होती, ती कुमुदपाशी. मला रस्ता बघायला पुढची सीट लागते. तिचे गुडघे दुखतात, म्हणून ती शेवटच्या रिकाम्या रांगेत पाय लांब करून बसायची आणि मांडीवर कागद घेऊन काहीबाही काढत राहायची. तिचा “अठरा” पुढे ऐकूच आला नाही. हेमांगीने दोनदा विचारलं. “अठरा? अठरा आहे का?” सगळी बस माना वळवून बघायला लागली. मला संकोच वाटला आणि रागही आला, साध्या एका शब्दासाठी इतका वेळ.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही लिन नावाच्या गावी पोचलो. दोन्ही देशांत पसरलेल्या ओह्रिड सरोवरात शिरलेली जमिनीची चिंचोळी जीभ, तिच्यावर दाटीवाटीची घरं आणि वर टेकडी. कुमुदच्या फोटोतली जमीन त्या टेकडीवर होती. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चर्चची. आता भिंती कमरेएवढ्याच उरल्या होत्या. चढ चांगलाच होता. घाम पुसत वर गेलो तर आत नुसती वाळू. पिवळी, सपाट, कुंपण घातलेली वाळू.

“मोझेक खाली आहे,” हेमांगी म्हणाली. “ऊन-पावसाने खराब होऊ नये म्हणून झाकून ठेवतात. या ताई थोडा भाग झाडून दाखवतील.”

किल्ली सांभाळणारी बाई साठीची असेल. डोक्याला रुमाल, हातात केरसुणीसारखा झाडू. द्रिता तिचं नाव. तिने एका कोपऱ्यात झाडायला सुरुवात केली.

“म्हणजे हजारो मैल येऊन आम्ही वाळू बघायची?” मी म्हणालो. “आणि तीही कोणी झाडेपर्यंत ताटकळत? माहितीपत्रकात वाळूचा फोटो का नाही छापला?”

“समुद्रावर गेलो असतो तर भेळ तरी मिळाली असती,” दातार म्हणाले, आणि निम्मी मंडळी हसत हसत उतरायला लागली.

सव्वा अकरा झाले होते. निघायची वेळ हीच होती. मी कुमुदला म्हणालो, “चल.”

ती कुंपणाच्या आत वाकून उभी होती. द्रिताने झाडलेल्या तुकड्यावर बाटलीतलं पाणी ओतलं, आणि राखाडी दिसणारे दगड एकदम लाल, निळे, पांढरे झाले. एका बदकाचं डोकं वर आलं.

“तुम्ही व्हा पुढे,” कुमुद मान वर न करता म्हणाली. “मी आलेच.”

मी खाली आलो. बसमध्ये बसलो. हेमांगी माणसं गोळा करत होती, कोणी सोव्हेनिरच्या टपरीवर, कोणी संडासाच्या रांगेत. अकरा चाळीसला ती दारात उभी राहिली. “बोला!” नंबर सुरू झाले. एकापासून चोवीसपर्यंत आले, कुठेही न अडखळता. ती मागे चक्कर मारायला निघाली तेवढ्यात मी म्हणालो, “आले ना नंबर? पंचवीस मिनिटं लेट आहोत, हेमांगीताई. डबल घंटी मारा आता.”

सगळे हसले. तीही हसली आणि तिने ड्रायव्हरला खूण केली.

ते अकरा चाळीसला झालं होतं, आणि आता बारा पंचवीसला कुमुदची टोपी एकटीच सीमेपर्यंत आली होती.

“तिला फोन लावा,” मी म्हणालो.

“लावते, काका.” हेमांगीने फोन लावला. माझ्याच कमरेच्या पाऊचमध्ये तो वाजला.

मी पाऊच उघडला. कुमुदचा फोन, कुमुदचे पैसे, हॉटेलचं कार्ड, तिच्या गुडघ्याच्या गोळ्या. चोरांची भीती, म्हणून पहिल्या दिवशीच मी सगळं माझ्याकडे घेतलं होतं. पासपोर्ट त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर होता. ती बाई परक्या देशात उभी होती आणि तिच्यापाशी ती कोण आहे हे सांगणारा एक कागदही नव्हता. तिला इंग्रजी बेतास बात, तिथली भाषा शून्य.

“बस वळवा,” मी म्हणालो.

हेमांगी ड्रायव्हरशी बोलली. मागे आठ गाड्या लागल्या होत्या, पुढे फाटक. बस रांगेतून बाहेर काढता येईना. अधिकारी हातवारे करून सांगत होता, बाजूला घ्या, पण बाजूला घ्यायला जागा कुठे होती? दहा मिनिटं यातच गेली. शेवटी तिने सगळ्यांना सांगितलं की बस इथेच थांबेल आणि ती माझ्याबरोबर टॅक्सीने मागे जाईल.

“आणि जेवणाचं?” मागून कोणीतरी विचारलं.

“काकू सापडल्या की जेवण,” हेमांगी म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता.

सीमेजवळ एकच टॅक्सी होती. जुनाट पिवळी मर्सिडीज आणि आगिम नावाचा गलेलठ्ठ चालक. तो कॉफी पीत होता. हेमांगीने त्याला इंग्रजीत आणि खुणांनी सगळं समजावलं. त्याने छातीवर हात ठेवला, आकाशाकडे बघितलं, माझा खांदा थोपटला, आणि मग कॉफी संपवायला परत बसला.

“उठवा त्याला!” मी ओरडलो.

“उठतोय, काका. ओरडून तो लवकर उठणार नाही.”

हेमांगी पुढे बसली, मी मागे. ती सारखी फोन लावत होती, तिरानातल्या एजंटला, मग त्याने दिलेल्या नंबरांवर. लिनमध्ये कोणी उचलत नव्हतं.

“मोजणीत माणूस कमी असल्याचं तुम्हाला कळलं कसं नाही?” मी विचारलं.

“मोजणी बरोबर आली होती, काका.”

“बरोबर आली असती तर आपण या डबड्यात बसलो असतो का?”

तिने आरशात माझ्याकडे पाहिलं. मग पुढचा नंबर लावला.

पोग्रादेत्स गावाच्या अलीकडे गाडी थांबली. पुढे लग्नाची वरात होती. गाड्यांना फुलं आणि लाल झेंडे, हॉर्नचा कल्लोळ, आणि सर्वांत पुढच्या गाडीच्या खिडकीतून एक माणूस अर्धा बाहेर लोंबकळत मागच्या नवरीच्या गाडीचं चित्रण करत होता. त्याचा कॅमेरा हलू नये म्हणून अख्खी वरात बैलगाडीच्या चालीने चालली होती.

“ओव्हरटेक करायला सांगा.”

हेमांगीने सांगितलं. आगिमने जोरजोरात नाही नाही केलं.

“नवरीच्या पुढे गाडी काढत नाही म्हणतो. अपशकुन होतो.”

“माझी बायको हरवलीय! तिच्या शकुनाचं काय?”

हेमांगीने तेही सांगितलं. आगिम मागे वळला, त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. पण गाडी त्याने पुढे काढली नाही.

रिकाम्या हातांना काहीतरी लागतं. मी फोन काढला आणि कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला मेल लिहायला घेतला. आयुष्यभर रिपोर्ट लिहिले होते, वेळ लागला नाही. एक, योग्य मोजणी न करता बस सोडल्यामुळे महिला प्रवासी परदेशात एकटी मागे राहिली. दोन, माहितीपत्रकात दाखवलेलं स्थळ प्रत्यक्षात वाळूखाली होतं. तीन, वेळापत्रक एकही दिवस पाळलं गेलं नाही, तपशील सोबत. संबंधित टूर लीडरवर कारवाई व्हावी.

ज्याच्याविरुद्ध रिपोर्ट, त्याला तो आधी वाचून दाखवायचा, हा माझा जुना नियम. मी हेमांगीला वाचून दाखवला.

ती समोर रस्त्याकडे बघत ऐकत राहिली. वरातीतले हॉर्न वाजत होते.

“काका, दुसऱ्या-तिसऱ्याबद्दल मला काही म्हणायचं नाही,” ती म्हणाली. “पहिलं तेवढं नका लिहू. माझ्यावर मागच्या सहलीची एक लेखी तक्रार आधीच आहे. एका बाईंची बॅग विमानतळावर राहिली होती. आता माणूस राहिला म्हटल्यावर मला दुसरी सहल देणार नाहीत.”

“मग मी काय लिहू? माणूस राहिला नाही असं लिहू?”

“मोजणी झाली होती, एवढं लिहा.”

“‘योग्य मोजणी’ असा शब्द आहे. चूक आहे का तो?”

पुन्हा तिने आरशात पाहिलं. या वेळी जास्त वेळ.

“नाही,” ती म्हणाली. “मी मागे जाऊन बघायला हवं होतं. चूक माझीच आहे. पाठवा. पण आधी काकू सापडू देत.”

मी पाठवून टाकला. बटण दाबल्यावर तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

वरात एका हॉलपाशी वळली आणि आगिमने गाडी अशी पिटाळली की सरोवर खिडकीतून नुसतं सरकत राहिलं. लिनला पोचलो तेव्हा पावणेदोन झाले होते. बस उभी होती त्या जागी कोणी नव्हतं. टपरी बंद होती. उन्हात एक कुत्रं झोपलेलं होतं. मी कुमुदच्या नावाने हाक मारली. माझाच आवाज भिंतींवरून परत आला.

टेकडी मी कशी चढलो मला माहीत नाही. वर कुंपणाच्या फाटकाला साखळी आणि कुलूप होतं. आत वाळू होती तशीच, सपाट. ती झाडलेली जागाही पुन्हा झाकलेली. जणू सकाळी तिथे कोणी आलंच नव्हतं.

मी कमरेएवढ्या भिंतीवर बसलो. खाली पाणी तिन्ही बाजूंनी पसरलेलं होतं आणि मला एकच गोष्ट आठवत होती. सकाळी न्याहारीला ती म्हणाली होती, “शंभर-दोनशे तरी माझ्याजवळ राहू द्या.” आणि मी म्हणालो होतो, “तुला कशाला लागतात?”

“काका!” खालून हेमांगी हात हलवत होती. “या! आहेत, आहेत काकू!”

एका म्हाताऱ्याने तिला द्रिताचं घर दाखवलं होतं. बोळात तिसरं. अंगणात द्राक्षाचा मांडव, मांडवाखाली लाकडी टेबल आणि टेबलाशी कुमुद. चपला काढून, पाय एका स्टुलावर ठेवून बसली होती. समोर सहलीच्या कार्यक्रमाचे छापील कागद उलटे करून एकाला एक चिकटवलेले होते, आणि त्यांवर ती पेन्सिलीने काढत होती. मासे, बदकं, वेली, कडेची गुंतलेली साखळी. शेजारी द्रिता बसली होती. ती तिच्या भाषेत काहीतरी सांगत एका माशावर बोट ठेवत होती. कुमुद मराठीत म्हणत होती, “हो हो, याची शेपटी डावीकडे गेली पाहिजे, बरोबर आहे तुमचं.”

तिने वर बघितलं. “आलात? बसा.”

“बसा काय? बसा काय, कुमुद? आम्ही सीमेपर्यंत गेलो! तुझा फोन, तुझा पासपोर्ट... तुला काही कल्पना आहे का?”

“आहे ना,” ती म्हणाली. “मला दोन तास होते कल्पना करायला.”

द्रिताने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. हेमांगीने कुमुदचे दोन्ही हात धरले आणि रडायला लागली.

“अगं, रडतेस काय? मला काही झालेलं नाही. यांनी मला भाकरीसारखं काहीतरी दिलं, चीज दिलं. आत नेऊन सगळी वाळू झाडू दिली, आम्ही दोघींनी मिळून झाडली. पुन्हा झाकलीही. मी फक्त एवढं विचारते,” कुमुद म्हणाली, “मोजणी केली नव्हतीस का गं? मी खाली आले तर बस नाही. म्हटलं, असेल, वळून येईल. अठरा नंबर आला नाही की कळेलच त्यांना. म्हणून तर आधी वर निवांत थांबले होते.”

हेमांगीने डोळे पुसले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

“चूक झाली, काकू. माझीच. घाईत होते.”

“असं,” कुमुद म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाणी पीत होतो. पेला रिकामा झाल्यावरही मी तो तोंडाला लावून होतो.

निघताना द्रिताने तिला मिठी मारली. पैसे दिले तर हात मागे घेतला. कुमुदने कागदांची गुंडाळी काखेत घेतली आणि टॅक्सीत माझ्याशेजारी बसली. हेमांगी पुढे. आगिमने कुमुदला पाहून हॉर्न वाजवला, जणू हीच नवरी.

पोग्रादेत्स मागे पडलं. मग कुमुद खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, “तुम्हीच म्हणालात ना?”

“काय?”

“अठरा.”

पुढच्या सीटवर हेमांगीची पाठ ताठ झाली. ती फोनमध्ये बघत असल्यासारखं करत होती.

मी त्या क्षणापर्यंत ते स्वतःशीही बोललो नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून मीच म्हणत होतो. “सतरा, अठरा,” एका दमात, पुढच्या सीटवरून, वेळ वाचावा म्हणून. कोणी मागे वळून बघत नव्हतं, कुमुद काही बोलत नव्हती, मोजणी कशी सुरळीत चालली होती. त्या दिवशी अकरा चाळीसलाही माझ्या तोंडून ते तसंच निघालं. श्वास बाहेर पडावा तसं.

“हो,” मी म्हणालो.

“मला वाटलंच.”

“कधी?”

“पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर उभी होते, तेव्हा. विचार केला, हेमांगी काही न मोजता जाणार नाही. मग नंबर आला असणार. माझा नंबर दुसरं कोण सांगणार?” तिने मांडीवरची गुंडाळी सारखी केली. “तेव्हा समजलं की बस लवकर येत नाही. मग द्रिताबाईंच्या मागे वर गेले.”

“तू तेव्हाच सांगायचं होतंस. पहिल्याच दिवशी. ‘माझा नंबर मी सांगते’ म्हणून.”

“दोनदा म्हणाले मी ‘अठरा’. तुमचं आधी झालेलं असायचं.” तिने खिडकीची काच थोडी खाली केली. “बत्तीस वर्षं मस्टरवर माझी सही मीच करत होते हो.”

नंतर ती या विषयावर कधी बोललेली नाही.

सीमेवर बस एका बाजूला लावलेली होती. आम्ही चढलो तर टाळ्या वाजल्या. दातारांनी कुमुदला हात दिला. “वहिनी, तुमच्यामुळे आमचं जेवण गेलं, आता रात्री दोन गुलाबजाम द्या.” मग कोणीतरी म्हणालं, “यात वहिनींचा काय दोष? मोजायचं काम कुणाचं?” दुसरं कोणी म्हणालं, “कंपनीला कळवायलाच पाहिजे. आज या राहिल्या, उद्या आपण राहू.” हेमांगी पासपोर्टांचा गठ्ठा छातीशी धरून दारात उभी होती.

मी बसलो होतो तो उभा राहिलो.

“मोजणी बरोबर झाली होती,” मी म्हणालो. “अठरा नंबर मी सांगितला. ती बसमध्ये आहे की नाही हे न बघता. मागे जाऊन बघणाऱ्या बाईंना घाईही मीच केली. यांची चूक नाही.”

सगळी बस माना वळवून माझ्याकडे बघायला लागली. दातारसुद्धा. ड्रायव्हरला मराठी कळत नव्हतं, पण त्यानेही वळून बघितलं.

मी तिथेच उभ्या उभ्या फोन काढला आणि पुण्याला दुसरा मेल लिहिला. पहिल्या मेलमधील मुद्दा क्रमांक एक चुकीचा आहे, तो मागे घेत आहे, दोष सर्वस्वी माझा. पाठवला आणि हेमांगीला वाचून दाखवला. ती “बरं, काका” एवढंच म्हणाली.

त्या मेलचा पुढे काही उपयोग झाला असं मला सांगता येत नाही. पहिल्या मेलला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं. ‘आपल्या तक्रारीची गंभीर दखल घेण्यात आली आहे.’ दुसऱ्याला कधीच आलं नाही. परत आल्यावर मी ऑफिसला तीनदा फोन केला, एकदा स्वतः गेलो. काउंटरवरच्या मुलीने संगणकात बघून सांगितलं, तक्रार निकाली निघाली आहे, सर. कशी निघाली, ते तिला दिसत नव्हतं. हेमांगी सावर्डेकर आता आमच्याकडे नाहीत, एवढं ती सांगू शकत होती. हेमांगीचा नंबर माझ्याकडे आहे. दर दिवाळीला मी शुभेच्छा पाठवतो. तिचं उत्तर येतं, दोन जोडलेले हात. मी विचारत नाही आणि ती सांगत नाही.

त्या दुपारी मात्र फाटक उघडायच्या आधी हेमांगी नेहमीच्या जागी उभी राहिली. तिने घसा साफ केला.

“बोला!”

“एक.” “दोन.” “तीन.” दातार बारा होते, त्यांनीही आज चेष्टा केली नाही. सोळा झाले.

“सतरा,” मी म्हणालो आणि तोंड मिटलं.

मागून काहीच आलं नाही.

हेमांगीने पुन्हा विचारलं नाही. ड्रायव्हरचा हात गिअरवर होता, अधिकारी बाहेरून चला चला करत होता. मागे कागद सरकल्याचा आवाज आला. कुमुद तिचे मासे आणि बदकं नीट गुंडाळून ठेवत असावी. तिला घाई नव्हती. मी समोर रस्त्याकडे बघत बसलो. घड्याळ बाहीखाली होतं, ते मी तिथेच राहू दिलं.

“अठरा,” ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण पुढपर्यंत आला.